बेत

महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरला की त्याचे चार कोपरे दाबून धरायला चार जड वस्तू लागतात. आमच्याकडे नंदुरबारच्या अंगाला पितळी खलबत्ता असतो, गोव्याच्या बाजूला तांदळाचा डबा, तेलंगणाकडे माझ्याच दोन कादंबऱ्या (एकीने भागत नाही), आणि गोंदियाच्या कोपऱ्यावर जो कोणी त्या वेळी रिकामा असेल त्याचा गुडघा. हा कोपरा मोठा नाठाळ. वर्षानुवर्षे नकाशाची गुंडाळी त्याच बाजूने सुरू झालेली असल्यामुळे जरा दाब सैल पडला की भंडारा-गोंदिया उसळी मारून थेट नागपूरवर येऊन पडतात.

नकाशा शाळेचा. शाळेने तो निकालात काढला आणि मी मागून घेतला. कापडावर डकवलेला, वर-खाली लाकडी दांड्या. २०१४ साली झालेला पालघर जिल्हा त्याच्यावर नाही. नगरचे अहिल्यानगर आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. पण नद्या जिथल्या तिथे आहेत, सह्याद्रीही जागचा हललेला नाही, आणि आमच्या बेताला तेवढे पुरेसे होते. फोनमध्ये नकाशे असतात हे मला ठाऊक आहे. आमचे चिरंजीव दिवसातून तीनदा ते माझ्या निदर्शनास आणून देतात. परंतु फोनमधला नकाशा एका वेळी एकालाच दिसतो, आणि ज्याला दिसतो तो बाकीच्यांना ‘थांबा जरा’ एवढेच सांगत बसतो. जमिनीवरच्या नकाशाभोवती सात माणसे बसून मनसोक्त भांडू शकतात, आणि घरातल्या बेताची निम्मी मौज तर त्यातच असते.

बेत होता दिवाळीच्या सुटीत मोटारीने निघून महाराष्ट्रातली निसर्गाची नवले पाहून येण्याचा. किल्ले नकोत, लेणी नकोत, देवळे नकोत (या कलमाला वहिनींनी तिथल्या तिथे हरकत नोंदवली), माणसाचा हात लागलेले काहीच नको. दगड, पाणी, वारा आणि काळ यांनी आपल्याला न विचारता जे करून ठेवले आहे तेवढेच पाहायचे. मोटार पुतण्याची, सात माणसांची. माणसेही मोजून सात : अण्णा, वहिनी, त्यांचा मुलगा, आणि आम्ही चौघे.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ध्यानात आली. या नवलांचा आपापसात अजिबात मेळ नाही.

आमची कन्यका वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने कास मागितले. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे जांभ्या दगडाचे पठार. वर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड तिथे पाय रोवू शकत नाही, आणि त्याच उपाशी जमिनीवर पावसाच्या अखेरीस फुलांचा गालिचा पडतो. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, निळसर सीतेची आसवे. ही सीतेची आसवे दिसायला नाजूक, पण मुळाशी बारीक पिशव्या बाळगून असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात, असे कन्यकेने सांगितले तेव्हा वहिनींनी कानावर हात ठेवले. “सीतामाईचं नाव लावून असले धंदे?” पश्चिम घाटातली जी ठिकाणे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे. तिथली टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. सगळे खरे. पण ही शोभा भाद्रपद-आश्विनातली. भाऊबीज उरकून आम्ही निघणार आणि पोहोचणार तेव्हा तिथे बहुधा वाळलेले गवत असणार.

चिरंजिवांना नाणेघाट हवा होता. तिथला धबधबा खाली न पडता वर उडतो. कोकणातून येणारा वारा कड्याच्या भिंतीवर आदळून वर उसळतो आणि खाली पडू पाहणारे पाणी पुन्हा माथ्यावर फेकून देतो. हे दृश्य त्याने फोनवर इतक्या वेळा पाहिले आहे की प्रत्यक्षात पाहण्यासारखे त्यात काही उरले असेल असे मला वाटत नाही. मी त्याला सांगितले की त्याच घाटात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि त्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले अंक आहेत. गणितात ज्याला जेमतेम पस्तीस गुण मिळतात त्याने तेथे जाऊन नमस्कार करणे योग्यच होईल. “माणसाचा हात लागलेलं नको, असं तुम्हीच म्हणालात,” तो म्हणाला. मुलांना आपले बोलणे नेमके नको तेव्हा आठवते. पण त्याचे नवलही आषाढ-श्रावणातले. दिवाळीत कड्यावर पाणीच नसेल तर वाऱ्याने उडवायचे काय?

सौभाग्यवतींची मागणी अगदी साधी होती. भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांनी झाडेच्या झाडे उजळतात, ती तिला पाहायची होती. झाडावरचे हजारो काजवे एकदम लागतात आणि एकदम विझतात म्हणे. पण काजव्यांचा हंगाम पावसाच्या तोंडावरचा, मे अखेर ते जून. तेव्हा शाळेला सुटी असते, नाही असे नाही. परंतु त्या सुटीवर तिच्या माहेरच्या लग्नांचा पहिला हक्क असतो, आणि तिच्या माहेरी लग्ने काही संपत नाहीत.

एकंदर हिशेब असा झाला : काजवे ज्येष्ठात, उलटा धबधबा आषाढात, फुले भाद्रपदात, आणि मास्तरला सवड कार्तिकात. निसर्गाने आपले वेळापत्रक तयार करताना शिक्षण खात्याला विचारलेले दिसत नाही.

एवढा वेळ अण्णा खुर्चीवर बसून होते. जमिनीवर बसणे त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच सोडून दिले आहे. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “निघोज.”

अण्णा माझे थोरले बंधू. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि अण्णा नुकतेच एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागले होते. त्यांच्याच पगारावर मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहू लागलो. त्या कादंबऱ्या अण्णा वाचत नाहीत. पण छापून आली की पहिली प्रत घेतात, वजन पाहतात आणि समाधानाने कपाटात ठेवतात. चौतीस वर्षे त्यांनी गाडी चालवली. अजून ते अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, टप्प्यांत सांगतात. एस.टी.च्या भाड्याचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. मंडई त्यांच्या हिशेबी पाव टप्पा आहे आणि माझी सासुरवाडी सतरा टप्पे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली, आणि त्याच रस्त्यावर आपण उमेदवारी केली, याचा त्यांना एवढा अभिमान आहे की ती पहिली गाडीही त्यांनीच हाकली असावी असे ऐकणाऱ्याला वाटते. तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

नोकरीची सुरुवातीची सहासात वर्षे ते शिरूरला होते. त्या काळात त्यांच्याकडे निघोजची मुक्कामी गाडी असे. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना कदाचित सांगावे लागेल. दिवसाची शेवटची फेरी घेऊन गाडी एखाद्या आडगावी जाते, रात्री तिथेच राहते आणि पहाटे तिथली माणसे घेऊन तालुक्याला परतते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच बाकांवर अंग टाकतात, नाहीतर देवळाच्या ओसरीवर. शिरूरपासून निघोज चार टप्पे. अण्णांची गाडी रात्री नऊला पोहोचायची आणि पहाटे साडेपाचला सुटायची. कुंडाच्या बाजूला, गावापासून दोनतीन किलोमीटरवर, कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. ते पाहायला माणसे लांबून लांबून येतात. आणि अण्णा तिथे शेकडो रात्री झोपले, पण ते त्यांनी कधी पाहिले नाहीत.

“का हो?” सौभाग्यवतींनी विचारले.

“नऊला पोचायची गाडी. अंधारात काय बघणार? अन् पहाटेही अंधारच.” मग थोडे थांबून म्हणाले, “चहावाला रोज म्हणायचा, अण्णा, एक दिवस कुंडावर चला. मी म्हणायचो, कुंड कुठं पळून जातंय?”

मी मात्र निघोजला गेलेलो आहे. शाळेची सहल घेऊन गेलो होतो. नदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. इथे नदीला वाळू नाही. तळाला आणि दोन्ही काठांना सलग काळा पाषाण, आणि त्या पाषाणात रांजण कोरावेत तसे खड्डे. काही परातीएवढे, काही विहिरीएवढे. पुष्कळांचे तोंड लहान आणि पोट मोठे. दोन रांजणांमधली भिंत झिजून ते आतून एकमेकांत मिसळले आहेत, आणि वर दगडाच्या पातळ कमानी तेवढ्या उरल्या आहेत. हे कोणी केले म्हणाल तर गोट्यांनी. पावसाळ्यात पाणी जोरात येते, दगडातल्या एखाद्या खोलगट जागी भोवरा धरते, त्या भोवऱ्यात गोटे सापडतात आणि गरगर फिरत तळ घासत राहतात. गोटे झिजून संपतात, पुढल्या पुराबरोबर नवे येतात. जात्यातले दाणे बदलावेत आणि जाते तेच राहावे, तसा हा कारखाना हजारो वर्षे चालू आहे. दाण्यांनीच जाते खणत न्यावे एवढाच फरक. मी माझ्या वर्गाला हे समजावून सांगत असताना एका मुलाने विचारले, “गुरुजी, आता बंद आहे का?” बंद नाही. पाऊस आला की सुरू होतो. काठावर मळगंगा देवीचे ठाणे आहे, तिथे बसले तर ही सगळी कारागिरी पायाशी पसरलेली दिसते.

मळगंगेचे नाव निघताच वहिनींची हरकत मागे घेतली गेली. नवलाच्या वाटेवरच देऊळ असेल तर कोणाचा इलाज नाही, असे ठरले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा बेत याच वर्षी आणि याच दिवाळीत का, हे कळायचे नाही.

गेल्या वर्षापासून अण्णांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. आधी आम्ही हसलो. तेही म्हणाले, “तुझ्या घराच्या चौकटी अरुंद आहेत, मास्तर.” मग एकदा ताटाच्या डाव्या अंगाला वाढलेली चटणी त्यांनी तशीच ठेवली, आणि वहिनींनी विचारले तेव्हा म्हणाले, “वाढली होती का?” त्या संध्याकाळी वहिनी माझ्या सौभाग्यवतींशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यातला दाब वाढतो, पाठीमागची नस हळूहळू सुकत जाते, आणि नजर कडेकडेने आत आत येत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. जी नजर गेली ती परत येत नाही. जी आहे ती नेमाने औषध घातले तर पुष्कळ काळ राखता येते.

नजरेच्या कडा तपासायचे एक यंत्र असते. हनुवटी टेकवून आत पाहायचे, बारीक दिवा कुठे चमकला की हातातले बटण दाबायचे. अण्णा बाहेर आले ते म्हणाले, “डबल बेल देऊन दमलो, गाडी काही हलेना.” मग तपासणीचा कागद आला. त्यावर नजरेचा नकाशाच छापलेला असतो. जिथे दिसत नाही तिथे काळे ठिपके. डाव्या डोळ्याच्या कडेला काळोख बराच आत आला होता. अण्णांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, “कडेचे रस्ते बंद झालेत. हायवे चालू आहे.”

डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. घरी येऊन त्यांनी आपला परवाना आणि बिल्ला देवघराच्या खणात ठेवला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, “मास्तर, तुझा तो नकाशा कुठं आहे?”

तेव्हा बेताचा खरा मालक कोण हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. बाकीचे कास आणि काजवे हे आम्ही नेहमीसारखे भांडून घरात नेहमीसारखा आवाज राखण्यासाठी मांडत होतो. निघोज पक्के झाले. दिवाळीच्या सुमारास नदीचे पाणी उतरलेले असावे, म्हणजे खळगे उघडे पडतात. हे एकच नवल शाळेच्या सुटीला मान देणारे निघाले.

पण एका निघोजसाठी सात माणसे आणि मोटार काढायची म्हणजे जरा कमीच. सौभाग्यवतींनी लाडवांचा हिशेब चार दिवसांचा केला होता. वहिनी म्हणाल्या, “लोणार.”

“लोणारचा फाटा मी पाहिलाय,” अण्णा म्हणाले. पुढे ते विदर्भाकडच्या लांब पल्ल्याच्या गाडीवर होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक नवलांचे फाटे त्यांनी पाहिले आहेत. फाट्यावर माणसे उतरतात, पिशव्या सावरतात, आणि आतल्या रस्त्याला लागतात. ड्रायव्हरला त्यांची पाठ दिसते.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात. सपाट माळावरून चालत जावे आणि पायाखालची जमीन एकाएकी संपावी, असा तो प्रकार आहे. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल वाडगा, दीडशे मीटरच्या आसपास खोल, उतारावर झाडी आणि तळाला खाऱ्या पाण्याचे सरोवर. लवणासुराला विष्णूने मारले तो इथेच, अशी कथा; गावातले दैत्यसूदनाचे देऊळ तिचीच आठवण. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घ काळ हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे अनेकांना वाटत होते. शेवटी १९७३ साली तिथल्या दगडांच्या तपासणीवरून सिद्ध झाले की आकाशातून पडलेल्या एका धोंड्याने हा खड्डा केला. काळ्या पाषाणात उल्केने पाडलेली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. आणि गंमत अशी, की वाडग्याच्या कडेवर गोड पाण्याची धार अखंड वाहते, आणि तळाला गेलात तर पाणी तोंडात धरवत नाही.

हे सगळे मी वाचून दाखवत होतो. वय किती, असे चिरंजिवांनी विचारले. मी सांगितले की पूर्वी बावन्न हजार वर्षे धरत; पण पुढे नव्या रीतीने दगडाचे वय काढले ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले.

“वा!” अण्णा म्हणाले. “आमची गाडी अर्धा तास उशिरा आली तर लेखी जाब द्यावा लागायचा. इथं पाच लाख वर्षं इकडची तिकडं झाली, कुणी विचारत नाही.”

२०२० च्या जूनमध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. सगळे घरात कोंडून बसलेले, आणि वर्तमानपत्रात गुलाबी पाण्याचे चित्र. वहिनींना तो देवाचा कौल वाटला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याची तपासणी झाली, तेव्हा अति खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी हा रंग आणल्याचे निष्पन्न झाले. पाणी आटले, क्षार वाढले, त्यांचे फावले. पुढे पाऊस पडला आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जपण्याजोग्या पाणथळ जागेचा, मान मिळाला. वहिनींनी तपासणीचा निकाल ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “बरं. पण त्या जीवांना त्याच वर्षी यायची बुद्धी कुणी दिली?” यावर आघारकर संस्थेचे काय म्हणणे आहे ते माझ्या वाचनात नाही.

कन्यकेने मात्र मला आतल्या खोलीत बोलावून विचारले, “बाबा, अण्णाकाकांना लोणार दिसेल का? एवढं रुंद आहे. त्यांना एका वेळी त्यातलं थोडंच दिसणार.” अण्णांचे कान चांगले आहेत. ते बाहेरून म्हणाले, “मान फिरवीन. गाडीच्या दोन आरशांत बघायचं तेव्हाही मान फिरवावीच लागायची.”

मग सगळ्यात अवघड प्रश्न आला : गाडी कोण चालवणार? खरे म्हणजे प्रश्न नव्हताच. मोटार पुतण्याची, परवाना त्याचा, डोळे त्याचे. पण चौतीस वर्षे ज्या माणसाने लोकांना नेले त्याला त्याच रस्त्यावरून सामानासारखे न्यायचे, हे त्याच्या मुलालाही जड जात होते. तो बिचारा म्हणाला, “अण्णा, आडरस्त्यावर, गर्दी नसेल तिथं, थोडा वेळ...” वहिनींनी त्याच्याकडे असे पाहिले की वाक्य तिथेच थांबले.

अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, “गाडी तू चालव. मी कंडक्टर.”

“म्हणजे?”

“बेल माझी. सगळा जन्म मला दुसऱ्यानं थांबवलं, दुसऱ्यानं सोडलं. आता मी सांगेन तिथं थांबायचं. थांबा असो की नसो. अन् मी डबल बेल देईपर्यंत हलायचं नाही.”

तहाची कलमे अशी ठरली. पुढचे डावे आसन अण्णांचे. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही, कारण अंधारात त्यांना आता काहीच धड दिसत नाही आणि न दिसणाऱ्या रस्त्यावरून आपण जाणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली वहिनींच्या बटव्यात, आणि घालायच्या वेळा कन्यकेच्या फोनच्या गजरात. समृद्धी महामार्ग वर्ज्य. तो सातशे एक किलोमीटरचा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पुरा खुला झाला, आणि त्याने वेळ पुष्कळ वाचतो हे अण्णांना मान्य आहे. पण त्यावर गाव लागत नाही, आणि ज्या रस्त्यावर गाव लागत नाही तिथे कंडक्टरला काय काम? तेव्हा नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा असेच जायचे. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी उतरायचे. त्याला माणसाचा हात लागलेला असला तरी तिथे न थांबता पुढे जाण्याची कोणाचीच छाती झाली नाही.

वेळापत्रक अण्णांनी स्वतः लिहिले, माझ्या शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर, आडव्या रेघा मारून. पहिला दिवस : सासवडहून प्रस्थान सकाळी सहा. शिरूर, चहा. निघोज, आगमन दुपारी बारा. मी म्हटले, “अण्णा, सासवडहून निघोज इतकं लांब नाही. वाटेत कितीही थांबलो तरी दहाला पोचू.”

“बाराच लिही. ऊन डोक्यावर पाहिजे. खड्ड्यांच्या तळाशी उजेड गेला पाहिजे.”

मी बारा लिहिले. त्यापुढे त्यांनी ‘प्रस्थान’चा रकाना मोकळा ठेवला. नगरचा मुक्काम, दुसऱ्या दिवशीचे चाळिसाच्या वर टप्पे, लोणारला दोन रात्री, परतीचा रस्ता, सगळे वेळेनिशी भरले आहे. निघोजहून निघायची वेळ तेवढी नाही. पुतण्याने विचारले तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले. त्यांचे कान चांगले आहेत हे मी वर सांगितलेच आहे.

लाडू चार दिवसांचे, चिवडा पाच दिवसांचा, कारण चिरंजीव. चकल्या मोडतात म्हणून घरीच खाऊन संपवायच्या. कासला पुढल्या वर्षी पावसाच्या अखेरीस एका रविवारी जायचे, त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते ते कन्यकेने करायचे. नाणेघाटाला चिरंजिवांनी आपल्या मित्रांबरोबर जावे. काजव्यांचे मात्र सौभाग्यवतींच्या भावाच्या मुलीच्या लग्नावर अवलंबून आहे.

निघोजच्या त्या चहावाल्याचा फोन नंबर मिळवायला अण्णांना तीन दिवस लागले. शिरूरच्या एका जुन्या कंडक्टरकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, असे करत करत सापडला. दुकान आता त्यांचा मुलगा पाहतो. स्वतः ते घरीच असतात. अण्णांनी नाव सांगितले, पण पलीकडून ओळख लागेना. मग अण्णा म्हणाले, “रात्री नऊची मुक्कामी,” आणि एकदम दोघेही मोठमोठ्याने बोलू लागले. पाऊण तास बोलणे झाले. कुंडाची चौकशी त्यातली शेवटची दोन मिनिटे.

परवा त्यांचाच उलट फोन आला. यंदा पाऊस लांबला आहे. पात्रात पाणी अजून खूप आहे, खळगे दिसत नाहीत, नुसता फेस दिसतो. नवरात्र होईतो उतरेल. वर येडगावच्या धरणातून सोडले तर पुन्हा चढेल, ते कोणाच्या हातात नाही. “निघायच्या आदल्या दिवशी सकाळी स्वतः कुंडावर जाऊन बघतो अन् सांगतो,” असे ते म्हणाले आहेत.

मी हे लिहीत आहे ते दसऱ्याच्या आधी. संपादकांना मजकूर वेळेवर हवा असतो. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे फराळाचे डबे भरणे चालू असेल. वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवले आहे. सगळ्या ओळी शाईने आहेत, पहिल्या दिवसाची निघोजची ओळ अण्णांनी पेन्सिलीने लिहिली आहे, आणि पाणी उतरले नाही तर परतीच्या वाटेवर ती खाली घेता यावी म्हणून चौथ्या दिवशी तेवढी जागा सोडली आहे.